महागडे इन-इअर मॉनिटर कसे पारखावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नास हजार, लाख, दोन लाख रुपयांचे इन-इअर मॉनिटर (पुढे नुसतं आयईएम) घेताना आपल्याकडे बहुतेकांना ते आधी ऐकायलाच मिळत नाहीत. एखाद्या मित्राकडे किंवा शौकिनांच्या भेटीत अर्धा तास मिळाला तर मिळाला. तो अर्धा तास सत्कारणी लागावा म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. माझं म्हणणं असं की निवाडा शेवटी आपल्या कानांनीच करायचा, पण कानांना हमखास चकवणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे आवाजाची पातळी आणि कानातली बसवणूक, आधी ताब्यात घ्यायच्या. त्या सुटल्या तर बाकीच्या पारखीला काही अर्थ उरत नाही.

आयईएम आणि साधा इअरफोन यांत फरक काय?

आयईएम मूळचे रंगमंचावरचे. गायक-वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून पूर्वी त्यांच्या पायाशी स्पीकर ठेवत. गोंगाट वाढला की तेही वाढवावे लागत, आणि कानांचं नुकसान व्हायचं. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या अमेरिकी बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात घट्ट बसणारे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी मात्र त्याआधीच, १९९१ मध्ये, इटिमॉटिक रिसर्च या कंपनीचा ईआर-४ आला होता. त्यात वापरलेला बॅलन्स्ड आर्मेचर जातीचा ड्रायव्हर (म्हणजे आवाज निर्माण करणारा छोटा भाग) श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातून आलेला. आज हे शब्द सैलपणे वापरले जातात. कर्णनलिकेत शिरून बाहेरची हवा बंद करणारा, वायरचा, जरा गंभीरपणे ट्यून केलेला इअरफोन म्हणजे आयईएम, एवढं धरून चालावं.

आवाज चांगला की वाईट हा आवडीचा प्रश्न नाही का?

काही अंशी आहे. कुणाला बेस जास्त लागतो, कुणाला कमी. पण आवड वाटते तितकी विखुरलेली नसते. हरमन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. त्यात एकाच हेडफोनवर इक्यू (इक्वलायझर, म्हणजे निवडलेले सूर कमी-जास्त करायची सोय) वापरून बाकीच्या हेडफोनांचे आवाज उभे केले जात, म्हणजे ऐकणाऱ्याला ब्रँडही कळायचा नाही आणि किंमतही. बहुसंख्य श्रोत्यांची पसंती एका ठरावीक पट्ट्यात येते, हे त्यातून दिसलं. त्यावर आधारलेला हरमनचा इन-इअर टार्गेट, म्हणजे कोणते सूर किती मोठे असावेत याचं आदर्श वळण, आज अनेक कंपन्या आणि परीक्षक संदर्भ म्हणून वापरतात. तो वेदवाक्य नाही. मला स्वतःला त्याचा बेस थोडा जड आणि ३ किलोहर्ट्झचा भाग थोडा पुढे आलेला वाटतो. पण एखादा आयईएम या वळणापासून कुठे आणि किती लांब गेला आहे हे सांगता आलं, की "मला आवडला नाही" याच्या पुढे बोलता येतं.

ऐकायला बसण्याआधी काय तपासावं?

सील. म्हणजे टिप (आयईएमच्या तोंडावरची सिलिकॉनची किंवा फोमची टोपी) कर्णनलिकेच्या भिंतीला सगळीकडून टेकली आहे की नाही. जराशी फट राहिली की खालचा बेस गळून जातो आणि मग उरलेला आवाज पातळ, चिरका वाटतो. लोक याला "या आयईएमला बेसच नाही" म्हणून मोकळे होतात.

तपासायची रीत सोपी आहे. फोनवर ५० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर सूर भरून आला, तर सील अपुरं आहे आणि टिपचा आकार बदलायला हवा. दोन्ही कानांना एकच साईज लागेल असंही नाही. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना एका कानात मीडियम आणि दुसऱ्यात लार्ज लागते. फोमची टिप वरचा ट्रेबल थोडा दाबते, रुंद तोंडाची सिलिकॉन टिप तो मोकळा सोडते. म्हणून दोन आयईएमची तुलना शक्यतो एकाच जातीच्या टिपवर करावी.

आत किती जातो यालाही महत्त्व आहे. ५ ते १० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावून पाहा. मध्येच एका जागी तो टोचेल. आता आयईएम किंचित आत सरकवा, तर टोचण्याची जागा वर सरकलेली दिसेल. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवेची पोकळी लहान झाल्यामुळे तिचा अनुनाद वर जातो, एवढंच त्यामागचं कारण. म्हणजे दोन माणसांनी एकाच आयईएमच्या ट्रेबलबद्दल उलटसुलट मतं दिली तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

तुलना करताना व्हॉल्यूम सारखा ठेवला की झालं?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. व्हॉल्यूमचा आकडा सारखा असला तरी प्रत्येक आयईएमची संवेदनशीलता वेगळी असते, त्यामुळे एक मोठ्याने वाजतो आणि दुसरा हळू. जो अर्धा-एक डेसिबलने मोठा असतो तो आपल्याला "मोठा" वाटत नाही. तो जास्त स्पष्ट, जास्त भरीव, जास्त जिवंत वाटतो. दुकानातल्या डेमोत महागडा नग मोठ्याने वाजला, तर निकाल आधीच लागलेला असतो.

काटेकोर चाचण्यांत पातळी ०.१-०.२ डेसिबलपर्यंत जुळवतात. घरी तेवढं जमायचं नाही, पण बरंच जमतं. ५०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला नॉइज वाजवा, दोन्ही आयईएम आलटून पालटून घाला आणि प्लेअरच्या बारीक पायऱ्यांच्या व्हॉल्यूमने पातळी जुळवा. फोनच्या बटणांच्या पायऱ्या यासाठी फार मोठ्या असतात. कुणाकडे मोजणीचा कपलर (कानाच्या जागी वापरायची, मायक्रोफोन असलेली नळी) असेल तर उत्तमच.

आणखी एक. कमी आवाजात माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो, हे बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून पारख करताना तुम्ही रोज ज्या पातळीवर ऐकता तीच ठेवा. मोठ्याने ऐकून पसंत केलेला आयईएम रात्री हळू आवाजात मिळमिळीत वाटतो.

कोणतं संगीत लावून ऐकावं?

ज्या वाद्यांचा खरा आवाज तुम्ही समोर बसून ऐकला आहे, ते. परदेशी परीक्षकांच्या यादीतली गाणी लावायची सक्ती नाही. ड्रम किंवा डबल बास जवळून ऐकलेला नसेल, तर तो आयईएमवर बरोबर वाजतो आहे की नाही हे कशाशी ताडून पाहणार? आपल्याकडे यासाठी फार चांगलं साहित्य आहे.

तानपुरा घ्या. जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार हलकेच टेकत राहील अशा बसवणुकीमुळे, त्याच्या प्रत्येक तारेतून स्वरकांचा (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांचा) मोठा पट्टा उमटतो, काही हजार हर्ट्झपर्यंत जाणारा. सी. व्ही. रामन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात या वाद्यांच्या ध्वनीवर काम केलं ते याच वैशिष्ट्यामुळे. चांगल्या आयईएमवर तार छेडल्यानंतर स्वरक एकामागून एक फुलत जातात आणि शांतपणे विरतात. मिड्समध्ये, म्हणजे मधल्या सुरांत, खड्डा असेल तर तानपुरा पोकळ वाटतो. ४-५ किलोहर्ट्झला सुळका असेल तर जवारी झणझणते, पत्र्याची वाटते. मिरजेच्या कारागिराने जवारी लावलेला तानपुरा एकदा तरी शेजारी बसून ऐका, मग हा फरक तुम्हाला कुणी समजावून द्यावा लागणार नाही.

पण तानपुऱ्यावरून खालच्या बेसची परीक्षा करू नका. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या जवळ. हा मूळ सूर आयईएमने नीट दिला नाही तरी वरच्या स्वरकांवरून मेंदू तो स्वतःच भरून काढतो आणि आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो.

बेससाठी डग्गा. मनगटाने दाबून तबलजी घुमारा वर चढवतो तेव्हा त्याचा सूर सरकताना ऐकू यायला हवा. आयईएमचा बेस फुगलेला असेल तर प्रत्येक ठोका एकाच सुरात "धुम्" होतो आणि सरकण्याची वाट बुजून जाते. दुसरीकडे दायाचा "ना" चाटेवर पडतो तेव्हा सुरेल, गोल यायला हवा. शाईमुळे तबल्याचे वरचे स्वरक सुरात येतात, इतर बहुतेक चर्मवाद्यांत ते येत नाहीत. म्हणून दायाचा सूर ओळखता येत नसेल, नुसती थाप ऐकू येत असेल, तर वरच्या मिड्समध्ये काहीतरी बिघडलं आहे.

ट्रेबलसाठी भजनातले टाळ. आघात आणि मागे राहणारा नाद हे दोन्ही वेगवेगळे कळले पाहिजेत. ट्रेबल खरखरीत असेल तर अनेक टाळ मिळून एकच सळसळ होते. दबलेला असेल तर नाद लगेच तुटतो. मानवी आवाजासाठी मराठीत एक छान कसोटी आपोआप मिळते. "चंद्र" आणि "चांदणं" यांतले दोन वेगळे च ऐका. दुसऱ्यातला दंततालव्य च, तसेच स आणि श, टोचत असतील तर ५ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुळका आहे. दोन्ही च सारखेच वाटत असतील तर तोच पट्टा फार खाली आणला आहे.

शेवटी एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण. ७८ आरपीएमच्या तबकडीवरून घेतलेलं असेल तर आणखी चांगलं. मोनोमध्ये गायकाचा आवाज डोक्याच्या बरोब्बर मध्यात राहायला हवा, मंद्रात असो की तारसप्तकात. तान वर जाताना आवाज एका बाजूला झुकत असेल, तर आयईएम उलटे घालून पाहा, डावा उजव्या कानात. झुकण्याची बाजू बदलली तर दोष आयईएमचा. बदलली नाही तर तुमच्या कानाचा किंवा त्यातल्या बसवणुकीचा.

फ्रिक्वेन्सी ग्राफ बघून निर्णय घेता येतो का?

ग्राफ म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला आयईएम किती मोठ्याने वाजतो याचं चित्र. तो बघून काय नको हे ठरवता येतं. काय हवं ते ऐकूनच.

ग्राफवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास टेकाड का असतं, हे बरेच जण विचारतात. आपली कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी आहे. ती उघडी असते तेव्हा ३ किलोहर्ट्झच्या जवळ स्वतःच आवाज वाढवते आणि आपण जन्मभर जग तसंच ऐकत आलो आहोत. आयईएमने नळीचं तोंड बंद केलं की हा अनुनाद नाहीसा होतो. तो आयईएमने भरून द्यावा लागतो. पडद्याशी सपाट रेषा देणारा आयईएम कानाला कोंदट वाटेल.

बहुतेक ग्राफ आयईसी ६०३१८-४ या मानकाच्या कपलरवर घेतलेले असतात. हौशी मंडळी त्याला "७११" म्हणतात. त्यावर ८ किलोहर्ट्झजवळ दिसणारा सुळका पुष्कळदा आयईएमचा नसून कपलरच्या पोकळीचा असतो, आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं चित्र गृहीत धरू नये. डेन्मार्कच्या ब्र्युएल अँड कियर कंपनीचं ५१२८ हे नवं कृत्रिम डोकं माणसाच्या कानाच्या जास्त जवळ जातं. या दोन यंत्रांवरचे ग्राफ एकमेकांवर ठेवून तुलना करू नका. एकाच माणसाने एकाच यंत्रावर घेतलेले ग्राफच शेजारी ठेवावेत, आणि त्यांत तुम्ही ऐकलेला एक तरी आयईएम असावा.

"डिटेल", "रिझोल्यूशन", "साउंडस्टेज" यांना काही ठोस अर्थ आहे का?

आहे, पण हे शब्द फार स्वस्त झाले आहेत. ट्रेबल थोडा वाढवला की बोटांचे घासण्याचे आवाज, श्वास पुढे येतात आणि पहिल्या पाच मिनिटांत "केवढं डिटेल!" असं वाटतं. अर्ध्या तासाने कान शिणतात. खरं रिझोल्यूशन तपासायचं तर गर्दीच्या जागी तपासा. गायक, हार्मोनियम आणि सारंगी एकाच सप्तकात एकत्र चालले असताना सारंगी मागून वेगळी ऐकू येते का? न शोधता येते का?

आयईएममध्ये बाहेरच्या कानाच्या पाळीला कामच उरत नाही, म्हणून स्पीकरसारखा समोर पसरलेला मंच फारसा मिळत नाही. जाहिरातीत काहीही लिहो. जागांचा नेमकेपणा मात्र मिळू शकतो, आणि त्यासाठी डावा-उजवा ड्रायव्हर एकमेकांशी जुळलेला असणं फार मोलाचं असतं.

जास्त ड्रायव्हर म्हणजे जास्त चांगला आवाज?

नाही. सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये प्रत्येक कानात एकच ७ मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर आहे, ६४ ऑडिओच्या यू१२टीमध्ये बारा बॅलन्स्ड आर्मेचर. दोघांचेही चाहते जगभर आहेत. जास्त ड्रायव्हर म्हणजे क्रॉसओव्हरही (वेगवेगळे सूर ड्रायव्हरांत वाटून देणाऱ्या जोडण्या) जास्त, आणि ते नीट जुळवणं हे खरं कौशल्य. ऐकताना एवढंच बघा की गायक मंद्रातून तारसप्तकात जाताना आवाजाची जात मध्येच बदलते का.

महाग डॅक, डोंगल किंवा केबल लागते का?

डॅक म्हणजे डिजिटल फाईलचा विद्युत संकेत करणारं यंत्र, डोंगल म्हणजे फोनला लावायचा त्याचा छोटा अवतार. पण डॅकपेक्षा आधी एक गोष्ट पाहा: स्रोताचा (फोन, डोंगल किंवा अ‍ॅम्प यांचा) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विद्युत अडथळा. अनेक बहुड्रायव्हर आयईएमचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. समजा बेसमध्ये तो ४० ओहम आहे आणि ट्रेबलमध्ये एके ठिकाणी ८. दहा ओहमच्या अ‍ॅम्पला जोडल्यावर बेस सुमारे १.९ डेसिबलने खाली येतो, पण ट्रेबलची ती जागा ७ डेसिबलने. म्हणजे पाच डेसिबलचा फरक, निराळाच आयईएम म्हणावा इतका. तोच एक ओहमच्या डोंगलला जोडला तर फरक ०.८ डेसिबलवर येतो. म्हणून एक ओहमच्या आत असलेला साधा, स्वच्छ डोंगल बहुतेकांना पुरतो. जुन्या अ‍ॅम्पवर किंवा ऑडिओ इंटरफेसच्या हेडफोन जॅकवर ऐकून मत बनवू नका.

केबल मजबूत, मऊ, कपड्याला घासून खरखर न करणारी असावी. त्यापलीकडे केबलवर तीस-चाळीस हजार घालण्याऐवजी ते पैसे चांगल्या टिपांच्या दोन-तीन संचांवर आणि एका मैफलीच्या तिकिटावर खर्च करा, असं मी मनापासून सांगतो.

बर्न-इन खरं असतं का? शंभर तास वाजवल्यावर आवाज खुलतो म्हणतात.

खुलतात ते बहुधा आपले कान. नव्या ट्यूनिंगची मेंदूला सवय होते, आणि तेवढ्या दिवसांत आपण टिपही नीट बसवायला शिकतो. म्हणून पहिल्या दिवशी निकाल देऊ नका, पण पहिल्या दिवशी टोचणारा ट्रेबल शंभर तासांनी विरघळेल या आशेवर परत करण्याची मुदतही घालवू नका.

ब्लूटूथ किंवा स्ट्रीमिंगवर पारख होईल का?

बऱ्यापैकी. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळलेली) फाईल पुरेशी आहे. आवाज आकुंचित करून पाठवायच्या पद्धतींपैकी उत्तम एएसी किंवा ९९० केबीपीएसचा एलडॅकही ट्यूनिंग कळायला पुरतो. व्हिडिओ साइटवरचं कुणीतरी चढवलेलं जुनं ध्वनिमुद्रण मात्र वापरू नका. त्यातली खरखर मुद्रणाची की आयईएमची, हे कळणार नाही.

किंमत आणि आवाज यांचा संबंध किती?

जेरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजण्या तपासल्या. त्यांत इन-इअरही होते. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांत त्यांना संबंध सापडला नाही. माझाही अनुभव याला धरूनच आहे. काही हजारांत उत्तम समतोल ट्यूनिंग मिळतं, विशेषतः गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांमुळे. वरच्या किमतीत जे मिळतं ते म्हणजे कवचाची घडण, दोन बाजूंची काटेकोर जुळणी, दुरुस्तीची सोय आणि कधी कधी गर्दीतही मोकळा राहणारा आवाज. कधी कधी. नेहमी नाही.

कानाच्या मापाचे कस्टम करून घ्यावेत का?

रोज तासन्‌तास रंगमंचावर घालणार असाल तर जरूर. नुसतं ऐकण्यासाठी विचार करा: ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा द्यायचा, नीट बसलं नाही तर परत पाठवायचं, आणि पुढे विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक मिळत नाही. शिवाय डेमोचा युनिव्हर्सल नग ऐकून मागवलेल्या कस्टमचा आवाज हुबेहूब तसाच येईल असं नसतं.

इक्यू वापरणं म्हणजे फसवणूक का?

मुळीच नाही. उलट कान तयार करायला इक्यूसारखं दुसरं साधन नाही. ओळखीचं गाणं लावा आणि ३ किलोहर्ट्झ तीन डेसिबलने वाढवा, मग कमी करा. हेच २०० हर्ट्झवर, मग ६ आणि ८ किलोहर्ट्झवर. काही आठवड्यांत "गायिका पुढे आली", "हार्मोनियम जाड झाली" या अनुभवांना आकडे चिकटतात, आणि मग कुणाचंही परीक्षण वाचताना ते काय म्हणत आहेत हे कळायला लागतं.

किती मोठ्याने ऐकलेलं चालतं?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर ५. चांगलं सील असलेला आयईएम बाहेरचा गोंगाट अडवतो, म्हणून लोकलमध्येही हळू आवाजात ऐकता येतं. वयानुसार वरच्या फ्रिक्वेन्सी ऐकू येणं कमी होत जातं, तेव्हा पन्नाशीतल्या आणि विशीतल्या माणसाने एकमेकांच्या ट्रेबलच्या मतावर वाद घालू नये.

मित्राकडे फक्त अर्धा तास मिळाला तर काय करावं?

स्वतःच्या टिप्स आणि स्वतःचा डोंगल घेऊन जा. सोबत रोजचा इअरफोनही न्या, तुलनेला. पहिली पाच-सात मिनिटं सीलवर घाला, पुढची दोन-तीन पातळी जुळवण्यात. मग चारच तुकडे, प्रत्येकी मिनिटभराचे: तानपुऱ्यावर एकटा गायक, तबल्याचा एकल तुकडा, भजनातले टाळ, जुनं मोनो. प्रत्येक तुकडा आधी रोजच्या इअरफोनवर, मग नव्यावर. शेवटची दहा मिनिटं काहीही न तपासता आवडीचं गाणं लावा आणि नुसतं ऐका. मधे मित्राशी मतांची देवाणघेवाण करू नका, त्याने "बेस बघ कसा आहे" म्हटलं की तुम्हाला बेसच ऐकू येईल. घरी जायच्या आधी चार ओळी लिहून ठेवा, त्यात टिपचा प्रकार, साईज आणि कोणत्या डोंगलवर ऐकलं हेही असू द्या. पुढे तोच आयईएम विकत आणल्यावर वेगळा वाटला, तर पहिली तपासणी त्या ओळींपासून सुरू करता येते.